संधिगतवात आणि ग्लुकोसामाइन : दोन अभ्यासांचे वाचन

जानुसंधिगत वाताचा रुग्ण हा आपल्या चिकित्साव्यवसायातील नित्याचा अनुभव आहे. मोताळा परिसरात निंदणाचे दिवस सरले की गुडघ्यांवर हात टेकत येणाऱ्या स्त्रिया वाढतात. दिवसदिवस उकिडवे बसणे, अवेळी रूक्ष भोजन आणि ओली जमीन, एवढे हेतू वातप्रकोपास पुरेसे आहेत. यांपैकी अनेकींच्या पिशवीत हल्ली ग्लुकोसामाइनच्या गोळ्या असतात आणि प्रश्नही ठरलेला असतो : “डॉक्टरसाहेब, ह्या चालू ठेवू की तुमचं औषध घेऊ?”

या प्रश्नाशी थेट संबंध असलेले दोन अभ्यास पुण्यातील संशोधकांच्या पुढाकाराने झालेले आहेत. आपल्या सभा-संमेलनांत त्यांचा अभिमानाने उल्लेख होतो. त्यांतील आकडे मात्र क्वचितच सांगितले जातात.

ग्लुकोसामाइन हा तरुणास्थीच्या घटकद्रव्यांपैकी एक शर्कराजन्य पदार्थ. जे झिजले तेच बाहेरून द्यावे, ही त्यामागील कल्पना. समानाने समानाची वृद्धी मानणाऱ्या वैद्यास ती चटकन पटते. परंतु तोंडावाटे दिलेले द्रव्य प्रथम जाठराग्नी व यकृत ओलांडते आणि संधीपर्यंत त्याचा अल्प अंशच पोचतो. संधिगतवातात चरकाचार्यांनी वायूने भरलेल्या पखालीसारखा स्पर्श आणि आकुंचन-प्रसारणाच्या वेळी वेदना सांगितली आहे. तेथे केवळ श्लेषक कफाचा क्षय पाहून चालत नाही, वाताचा विचार प्रथम करावा लागतो.

आधुनिक शास्त्रातही या द्रव्याविषयी एकमत नाही. २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २१२ रुग्णांना ३ वर्षे रोज १५०० मि.ग्रॅ. ग्लुकोसामाइन सल्फेट किंवा प्लासिबो, म्हणजे औषधविरहित गोळी, देण्यात आली. ग्लुकोसामाइन घेणाऱ्यांत संधीतील अंतर कमी होण्याचे प्रमाण कमी आढळले. उलट २००६ साली अमेरिकेतील १५८३ रुग्णांच्या अभ्यासात, २४ आठवड्यांनंतर, प्लासिबो घेणाऱ्यांपैकी ६०.१ टक्के रुग्णांना उपशय मिळाला आणि ग्लुकोसामाइन हायड्रोक्लोराइड घेणाऱ्यांपैकी ६४ टक्के रुग्णांना. सेलेकॉक्सिबचा आकडा ७०.१ टक्के होता. दोन अभ्यासांतील क्षार भिन्न होते, हा वादाचा एक मुद्दा. अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शिकेत मात्र गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइन देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे.

पुण्यातील संशोधकांचे कार्य

केंद्र शासनाच्या ‘एनएमआयटीएलआय’ प्रकल्पात डॉ. अरविंद चोप्रा, डॉ. भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुर्वेदीय कल्पांची परीक्षा घेतली. पहिल्या अभ्यासात (प्रसिद्धी २०११) २४५ रुग्णांचे सात गट होते आणि कालावधी १६ आठवडे. वेदना व गुडघ्याचे कार्य यांबाबत गटागटांत लक्षणीय फरक आढळला नाही. प्लासिबोलाही मोठा प्रतिसाद मिळाला. इतर निरीक्षणांवरून, विशेषतः वेदनाशामकाची गरज सर्वांत कमी लागल्यावरून, एक कल्प पुढील कामासाठी निवडण्यात आला.

दुसरा अभ्यास २०१३ साली ‘र्‍ह्युमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात आला. गुडूची, शुंठी, आमलकी व शल्लकी (आपल्या सातपुड्यातील सालई) यांच्या सारांपासून केलेले दोन कल्प, रोज २ ग्रॅम ग्लुकोसामाइन सल्फेट आणि रोज २०० मि.ग्रॅ. सेलेकॉक्सिब, असे चार गट. ४४० रुग्ण, २४ आठवडे. चारही गटांतील उपशय आधी ठरविलेल्या मर्यादेत समतुल्य ठरला.

येथे सावधपणे वाचावे. ‘समतुल्य’ म्हणजे ‘सरस’ नव्हे. शिवाय या दुसऱ्या अभ्यासात प्लासिबोचा गट नव्हता. ज्या ग्लुकोसामाइनच्या गुणाविषयीच शंका आहे, त्याच्या बरोबरीचे ठरण्यात फारसे भूषण नाही. सेलेकॉक्सिबशी झालेली बरोबरी मला अधिक मोलाची वाटते. पण पहिल्या अभ्यासातील प्लासिबोचा प्रतिसाद आठवला की तेथेही आवाज थोडा खाली आणावा लागतो.

सर्वांत महत्त्वाचा भाग पुढेच आहे. या अभ्यासात २८ रुग्णांचे एस.जी.पी.टी. कोणतेही लक्षण नसताना वाढलेले आढळले. आयुर्वेदीय कल्प घेणाऱ्या ७ जणांना त्यामुळे अभ्यासातून बाहेर काढावे लागले; औषध थांबविल्यावर ते पूर्ववत झाले. संशोधकांनी रक्त तपासले म्हणून हे समजले. प्रस्तुत लेखकाने कित्येक वर्षे असे कल्प महिनोन्‌महिने दिले, परंतु रुग्णास कावीळ वा अरुची नाही एवढ्यावर समाधान मानले. ती चूक होती. पुढे २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृतविकार झालेले ६ रुग्ण नोंदविले. आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीविषयी आक्षेप घेतला. तो रास्त मानला तरी, आपल्या दुकानातील गुळवेल कोणत्या जातीची, हा प्रश्न आपल्याकडेच परत येतो.

म्हणून दीर्घकाळ देण्याचा कल्प सुरू करण्यापूर्वी एस.जी.पी.टी. पाहावे, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा पाहावे, वाढल्यास औषध थांबवावे. मद्यपान, पूर्वीची कावीळ, क्षयाची औषधे यांची चौकशी आधीच करावी. स्नेहन, स्वेदन, उपनाह, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, स्थूल रुग्णात वजन कमी करणे आणि उकिडवे बसण्याऐवजी पाटाचा वापर यांना अशी बाधा नाही. गोळीच्या भरात हेच मागे पडते.

औषधविक्रेत्यांसाठी

वारफेरिन घेणाऱ्या रुग्णास ग्लुकोसामाइन वैद्यकीय सल्ल्याविना देऊ नये, आय.एन.आर. वाढल्याच्या नोंदी आहेत. बहुतांश ग्लुकोसामाइन कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात. अशा माशांची ॲलर्जी असलेल्यास तर विचारावेच, पण गळ्यात तुळशीची माळ असलेल्या रुग्णासही हे सांगितले पाहिजे. शेगावची पायी वारी करणाऱ्या एका माळकरी आजोबांना ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांना औषधापेक्षा आपण कोणाला विचारले नाही याचेच वाईट वाटले. आंबवण्याच्या प्रक्रियेने केलेले शाकाहारी ग्लुकोसामाइनही मिळते; वेष्टनावरील चिन्ह पाहून द्यावे. ज्यांनी तीन महिने नियमित घेऊनही चालणे-उठणे सुधारले नाही, त्यांना पुढील डबा न देता वैद्याकडे पाठवावे.