कॅमेऱ्याच्या खिडकीतला ठिपका

या वेळच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी सांगितले, की आपल्या घरच्या धंद्यातली एक वस्तू घ्या आणि तिची माहिती लिहा. वर्गात कुणी पिठाच्या गिरणीवर लिहिले, कुणी शिलाई मशीनवर. माझे पप्पा कोरेगावात लग्नाकार्याचे फोटो काढतात, म्हणून मी कॅमेरा घेतला. सगळ्या कॅमेऱ्याची माहिती लिहायची तर हा तक्ता पुरणार नाही. मी फक्त त्यातल्या धुळीबद्दल लिहिते. कारण धूळ काढायला जाऊन मी आमच्या कॅमेऱ्याचे नुकसान केले आहे.

आपल्याकडे धुळीला तोटा नाही. उसाच्या ट्रॉल्या रस्त्याने जातात तेव्हा धुरळा उडतो. शेतात पाचट पेटवले की काळी राख उडत येते आणि दोरीवरच्या कपड्यांवर बसते. ती कॅमेऱ्यालाही सोडत नाही. त्यातून गेल्या पौषात पप्पा कराड तालुक्यातल्या पालच्या यात्रेला गेले होते. तिथे खंडोबाच्या लग्नात भंडारा उधळतात. सगळी माणसे, रस्ते, देऊळ पिवळेधमक होते. त्या गर्दीत पप्पांनी एकदा लेन्स बदलली. लेन्स काढली की कॅमेऱ्याचे तोंड उघडे पडते. तेवढ्यात जे जायचे ते आत गेले.

पुढे माघात एका लग्नाची ऑर्डर होती. आदल्या दिवशी पप्पा कॅमेरा तपासत होते. म्हणाले, "खिडकीत ठिपका दिसतोय." ज्या भोकाला डोळा लावून फोटोग्राफर बघतो त्याला व्ह्यूफाइंडर म्हणतात. आमच्या घरी सगळे त्याला खिडकी म्हणतात. मीही डोळा लावून बघितले. समोर आई उभी होती. बरोबर तिच्या कपाळावर, कुंकवाशेजारी, काळा ठिपका! आई म्हणाली, "अहो, नवरीच्या तोंडावर असा डाग आला तर लोक पैसे देतील का?"

पप्पांनी अंगणात जाऊन निळ्या आभाळाचा एक फोटो काढला, तो कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "फोटोत न्हाय. खिडकीतच हाय. ऱ्हाऊ दे." ते असे का म्हणाले ते मला तेव्हा समजले नाही. ते समजण्यासाठी कॅमेऱ्याच्या पोटात काय असते ते पाहू. शेजारची आकृती माझ्या भावाने काढली आहे. त्यात लेन्स जरा मोठी झाली आहे, पण बाकी बरोबर आहे.

लेन्समधून आलेला उजेड आत एका तिरक्या आरशावर पडतो. हा आरसा ४५ अंशांत बसवलेला असतो. तो उजेड वर फेकतो. वर दुधी काचेसारखा एक छोटा पडदा असतो, त्यावर समोरचे चित्र उमटते. पडद्याच्या वर पाच बाजूंचा लोलक असतो. तो चित्र सुलटे करून खिडकीपर्यंत आणतो. स्वस्त कॅमेऱ्यात लोलकाच्या जागी आरसेच असतात. म्हणजे खिडकीतून आपण समोरचा माणूस बघत नाही, त्या पडद्यावरचे चित्र बघतो.

आता खरी मौज पुढे आहे. बटण दाबले की तो तिरका आरसा खटकन वर उचलला जातो. खिडकीत क्षणभर अंधार होतो. तेवढ्यात मागचा पडदा उघडतो आणि उजेड सरळ मागे सेन्सरवर पडतो. फोटो तिथे तयार होतो. फोटो काढणारा उजेड वरच्या दुधी पडद्यातून जातच नाही! मग त्या पडद्यावर धूळ असो, कुसळ असो, नाहीतर मुंगी असो, ती फोटोत येणार कशी?

उलट सेन्सरवर धूळ बसली तर ती खिडकीत अजिबात दिसत नाही आणि फोटोत मात्र येते. आभाळाचा फोटो त्यासाठीच काढायचा. लेन्सचे तोंड अगदी बारीक करायचे, एफ २२ वगैरे, म्हणजे धुळीची सावली ठळक पडते. पप्पा सांगतात की रोलच्या कॅमेऱ्यात ही कटकट कमी होती. दर फोटोला फिल्मचा नवा तुकडा पुढे यायचा आणि बसलेली धूळ त्याच्याबरोबर पुढे सरकायची. सेन्सर मात्र पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत एकच. म्हणून २००३ साली ऑलिम्पस कंपनीने असा कॅमेरा काढला, की ज्यात सेन्सरपुढची काच अतिवेगाने थरथरते आणि धूळ झटकली जाते. पुढे इतर कंपन्यांनीही तशी सोय केली. पण ती सोय सेन्सरपुरतीच असते, खिडकीला तिचा काही उपयोग नाही.

हे सगळे मला नंतर कळले. त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त आईचे बोलणे होते. लग्नाच्या दिवशी सकाळी पप्पा आंघोळीला गेले तेव्हा मी लेन्स काढली. आत आरसा दिसला. त्यावर पिवळे बारीक कण होते. मला वाटले, चोर सापडला! मी तोंडाने जोरात फुंकले. फुंकर थोडी ओली होती. भंडारा भिजून आरशाला चिकटला. मग मी रुमालाने पुसले. जितके पुसावे तितके पिवळे पसरत गेले.

पप्पांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण अर्धे दाबले. लेन्स नुसती मागेपुढे गुरगुरत राहिली, कशावर थांबेना. या आरशाचा मधला भाग किंचित पारदर्शक असतो. त्यातून थोडा उजेड पलीकडे जातो, आणि त्या उजेडावर कॅमेरा आपोआप फोकस धरतो. मी नेमका तोच भाग माखला होता.

"आत काय लावलंस गं?"

"फुंकलं. मग पुसलं."

"ओल्या फडक्यानं?"

"न्हाय, कोरड्या रुमालानं."

"मग तर बघायलाच नको," पप्पा म्हणाले. मग त्यांनी मित्राला फोन लावला, त्याचा कॅमेरा मागितला आणि न जेवताच तो आणायला गेले. लग्न पार पडले. आमचा कॅमेरा पुण्याला दुरुस्तीला गेला. पिवळे निघाले, पण ओरखडे राहिले. त्या लग्नाच्या ॲडव्हान्समधले निम्मे पैसे त्यात गेले.

कोरड्या रुमालाने एवढे ओरखडे कसे पडले? घरचा आरसा तर आपण रोज पुसतो. याचे उत्तर तुम्ही घरीच शोधू शकता. पेन्सिलीचे टोक आरशाला टेकवा. खरे टोक आणि आतले टोक यांच्यात फट दिसेल. ती फट काचेच्या जाडीमुळे दिसते. घरच्या आरशाला चकाकणारा लेप मागच्या बाजूला असतो, वरून काच त्याला राखते. कॅमेऱ्यातल्या आरशाचा लेप मात्र पुढच्या बाजूला, उघडाच असतो. (तिथे पेन्सिल टेकवून बघू नका!) काच मध्ये आली तर एकाची दोन चित्रे दिसतील, म्हणून तसे करतात. मोठ्या दुर्बिणींच्या आरशांचेही असेच असते. पुण्याच्या आयुका संस्थेची गिरवली येथे दुर्बीण आहे, तिचा आरसा २ मीटर व्यासाचा आहे. तसल्या आरशावर कुणी रुमाल फिरवत नाही. दुधी पडदा प्लॅस्टिकचा, तर आणखी नाजूक.

आणखी एक गोष्ट. मी आरशावरची धूळ चोर समजले, पण ती चोर नव्हतीच. एक डोळा मिटून दुसऱ्या डोळ्याजवळ बोट धरा आणि जरंडेश्वराच्या डोंगराकडे बघा. बोट पुसट दिसते. तशी आरशावरची धूळ पुसट होऊन दिसेनाशी होते. खिडकीत जे ठळक दिसते ते दुधी पडद्यावरच असते.

मग धूळ काढायची कशी? पप्पा असे करतात. खोलीतला पंखा बंद करतात. आधी बाहेरून ब्रशने कॅमेरा झाडतात, म्हणजे तीच धूळ आत जात नाही. मग लेन्स काढून कॅमेऱ्याचे तोंड खाली धरतात आणि रबरी फुग्याने, म्हणजे ब्लोअरने, खालून चार-पाच वेळा हवा मारतात. धूळ सुटते आणि खाली पडते. फुग्याची नळी आत घालायची नाही. पंक्चरच्या दुकानातली हवा तर मुळीच नको, तिच्यात पाणी आणि तेल येते. खिडकीची बाहेरची काच मात्र पुसता येते. तिला घाम, पापणीचा केस, बायकांनी बघितले तर काजळही लागते. आधी हवा मारायची, मग चष्म्याच्या मऊ कापडाने हलके पुसायचे. इतके करूनही ठिपका हलला नाही तर तो पडद्याच्या वरच्या अंगाला, लोलकाच्या बाजूला आहे असे समजायचे. तिथपर्यंत आपला हात पोहोचत नाही. तो दुरुस्तीवाल्याचा प्रांत.

ज्यांच्या घरी नवे बिनआरशाचे कॅमेरे आहेत त्यांना यातले बरेच लागू नाही. त्यांच्या खिडकीत छोटा टीव्हीच असतो. पण लेन्स काढली की त्यांचा सेन्सर एकदम समोर येतो, तेव्हा त्यांनी जास्त जपावे असे पप्पा म्हणतात.

आमच्या कॅमेऱ्यातला ठिपका वरच्याच अंगाला निघाला. पुण्याच्या माणसाने तो काढायचे वेगळे पैसे सांगितले. पप्पा म्हणाले, "नको, फोटोत येत न्हाय." म्हणून तो अजून आहे. शनिवारी पालकसभेला पप्पा कॅमेरा घेऊन येणार आहेत. ज्यांना ठिपका बघायचा असेल त्यांनी माझ्याकडे यावे. खिडकीला डोळा लावायचा, आणि दोन्ही हात पाठीमागे ठेवायचे.