पांढुर्ण्याहून सिंगापूर, बेताच्या खर्चात

प्रश्न : आम्ही चौघे, संत्र्याची बाग हाच आधार. सिंगापूर झेपेल का? (एक वाचक, पांढुर्णा)

उत्तर : झेपेल, फक्त तारखा आधी ठरवा. आंबिया बहाराचा माल निघाला की फेब्रुवारीत जा. मात्र नाताळ आणि चिनी नववर्षाचे दिवस टाळा, तेव्हा भाडी चढतात. नागपूरहून रेल्वेने चेन्नई गाठा, पुढे विमानाने जेमतेम चार तास. नागपूरहून मुंबईमार्गे जाणाऱ्या विमानाचे भाडेही ताडून पाहा.

व्हिसा अधिकृत एजंटाकडूनच काढा. आगमनाचे ऑनलाइन कार्ड मात्र मोफत असते, त्याचे पैसे कोणालाही देऊ नका.

राहायला लिटल इंडिया बरे. तिथल्या टेक्का सेंटर या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, डोसा, बिर्याणी हॉटेलपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते. सिंगापूरच्या अशा हॉकर सेंटरांच्या संस्कृतीला 2020 मध्ये युनेस्कोने वारशाचा मान दिला. तिथे जेवणे ही केवळ काटकसर नव्हे, शहर पाहणेच आहे. टॅक्सी सोडा, एमआरटी (तिथली मेट्रो) धरा. बोटॅनिक गार्डन आणि गार्डन्स बाय द बेमधला संध्याकाळचा दिव्यांचा खेळ फुकट आहे. युनिव्हर्सल स्टुडिओचे तिकीट महाग, मुले लहान असतील तर वगळा.

एक कळकळीचे सांगणे : खर्रा, तंबाखूची पुडी घरीच ठेवा. चघळायच्या तंबाखूवर तिथे बंदी आहे.