चित्त्याचे ठिपके आणि जूनचा पाऊस

कोल्हापुरात मुलांच्या वेशभूषेचे दिवस नेमके पावसात येतात. २६ जूनला शाहू जयंती, मग आषाढीची दिंडी, पंधरा ऑगस्ट, गोकुळाष्टमी. दोरीवरचा टॉवेलसुद्धा दोन-दोन दिवस वाळत नाही आणि त्यातच घरी कापड रंगवायचं असतं. म्हणून पोशाख घरी करणाऱ्या आयांना माझं कळकळीचं सांगणं आहे : रंगाच्या बाटल्या आणण्याआधी कापड आणि हवा यांचा विचार करा.

शाहू जयंतीच्या फेरीत माझ्या लेकीला चित्ता व्हायचं होतं. शाहू महाराजांच्या काळात संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळत, त्यांना शिकवणारे चित्तेवान इथे होते, हे तिला शाळेत कळलं होतं. १९५२ साली देशातून नामशेष म्हणून जाहीर झालेलं हे जनावर एके काळी आपल्याच गावात माणसाबरोबर वावरत होतं, याचं तिला फार अप्रूप वाटलं. मी कोरा मांजरपाट आणला, पोशाख शिवला आणि अख्खाच्या अख्खा पिवळा रंगवून त्यावर काळे ठिपके काढले. घरात सुंदर दिसला. फेरीत भुरभुर सुरू झाली, कोपर-गुडघ्यांवर रंगाला भेगा पडून पापुद्रे सुटले, आणि आत घामानं भिजलेल्या पोरीची मान कडक गळपट्टीनं घासून लालबुंद झाली. पोशाखाचं काही वाटलं नाही. तिची मान बघून जीव कळवळला.

पापुद्रे सुटले ते खळीमुळे. कोऱ्या कापडात खळ असते. रंग धाग्यात न मुरता खळीवर बसतो आणि ओल लागली की तिच्याबरोबरच सुटतो. कापड आधी साबण घालून कोमट पाण्यात धुवा. काय आटायचं ते तेव्हाच आटेल. सुती कापडच घ्या. साटीन चकाकतं म्हणून मोह होतो, पण त्यावर रंग नीट धरत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, पूर्ण अंग रंगवू नका. फॅब्रिक कलर अॅक्रिलिकचा असतो, वाळल्यावर त्याचा पातळ थर होतो. तो सगळीकडे दिला तर कापडाला वारा लागत नाही आणि मूल आत उकडून निघतं. महाद्वार रोडवर हवा तो पिवळा सुती तागा मिळतो. तो घ्या, ठिपके तेवढे रंगवा. चित्त्याचे ठिपके भरीव काळे असतात, बिबट्याचे कड्यासारखे. चित्ता काढणं त्यामानानं सोपं. रंगात पाणी जास्त घातलं की तो धाग्याधाग्यानं पसरतो आणि ठिपक्याची कड फुटते. घट्टच वापरा, पण थर पातळ द्या.

आपल्याकडे गल्लीत एखादा तरी पेंटर असतोच, आणि तो प्रेमानं ऑइल पेंट सुचवतो. बाबूराव पेंटरांनी सिनेमाआधी नाटकाचे पडदे रंगवले, तो वारसा या गावात आहे, त्याचा मला अभिमानच आहे. पण पडद्याला गुडघा वाकवावा लागत नाही. ऑइल पेंटनं कापड ताठ होतं, वास दिवसेंदिवस जात नाही. मुलाच्या अंगावर तो नकोच.

बेतून झाल्यावर, शिवण्याआधी, तुकडे सपाट पसरून रंगवा. शिवणीची जागा, गळा आणि काखा कोऱ्या सोडा. तयार कपडाच रंगवायचा असेल तर आत प्लॅस्टिक गुंडाळलेला पुठ्ठा सरकवा, नाहीतर पुढचा रंग पाठीला लागतो. मग पंख्याखाली वाळवा. एरवी एक दिवस पुरेल तिथं जूनमध्ये दोन धरा. वरून कोरडा लागला तरी आत ओल असते. पूर्ण वाळल्यावर कापड उलटं करून, वाफ न सोडता, गरम इस्त्री फिरवत राहा. उष्णतेनं रंग धाग्याला धरतो, आणि घाईत नेमकं हेच राहून जातं.

डोळ्यांपासून तोंडापर्यंत उतरणाऱ्या चित्त्याच्या काळ्या रेघा मात्र काजळानंच काढा. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, कापडाचा रंग चेहऱ्याला लावू नका. आणि कार्यक्रम झाला म्हणून पोशाख लगेच भिजत घालू नका. रंगवून तीन दिवस होऊन गेले की उलटा करून गार पाण्यात हातानं धुवा, न पिळता निथळत ठेवा. धाकट्या भावंडाला पुढच्या वर्षी उपयोगी पडेल.