कॅटमरान ताम्हिणी चढेल का?

प्रश्न : मुळशी धरणाकाठी घर असलेल्या एका वाचकाला ४० फुटी जुनी क्रूझिंग कॅटमरान घ्यायची आहे. काय पाहावं?

उत्तर : आधी रस्ता! एवढ्या बोटीची रुंदी ७ मीटरच्या आसपास भरते. मुळशीच्या वाटेवरच्या ताम्हिणी घाटाची वळणं तिला झेपणारी नाहीत; तिची जागा समुद्रातच, मुंबईला किंवा गोव्याला.

तरी घ्यायचीच असेल, तर आधी तपासून घ्यावी. जाणकार सर्व्हेअर बोट पाण्याबाहेर काढायला लावतो. लाकडी हातोडीने फायबरवर टकटक करत जातो. खणखणीत आवाज अचानक बद्द झाला, की आतले थर सुटलेत किंवा पाणी मुरलंय. दोन्ही हल (बोटीची जुळी धडं) जोडणाऱ्या आडव्या तुळईशी आणि डोलकाठीच्या पायाशी तो जास्त रेंगाळतो. डोलकाठीच्या तारा दहा वर्षांच्या असल्या, तर त्या बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा.

मुळशीसाठी हॉबी १६ ही छोटी कॅटमरान बरी. रुंदी जेमतेम २.४ मीटर, वजन सुमारे १४५ किलो. मात्र धरण टाटा पॉवरचं आहे. पाण्यात उतरण्याआधी लेखी परवानगी घ्यावी.