गणिताच्या बाई आणि शाळेची कॅथलिक ओळख

प्रश्न : मी वसईतल्या एका कॅथलिक शाळेत गणित शिकवते. मी हिंदू आहे. स्टाफरूममधले बरेच सहकारीही ख्रिस्ती नाहीत. नव्या मुख्याध्यापिका सिस्टर म्हणतात, शाळेची कॅथलिक ओळख सगळ्यांनी जपायची. माझ्यासारखीने नेमकं काय करायचं? आणि यात कुणाच्या धर्मात ढवळाढवळ तर होत नाही ना?
– एक शिक्षिका, वसई

उत्तर : बाई, आधी शेवटची शंका. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. पण कलम २८ (३) सांगतं की सरकारमान्य शाळेत कुणालाही संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येणार नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. म्हणूनच कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला जातात तेव्हा बाकीची मूल्यशिक्षणाच्या तासाला बसतात. ही मर्यादा पाळलीच पाहिजे.

पण ओळख त्या एका तासापुरती उरली तर ती टिकणार नाही. पूर्वी वर्गावर फादर, सिस्टर असत. आज बहुतेक तास प्रापंचिक शिक्षक घेतात, आणि आपल्याकडे त्यांतले कित्येक इतर धर्मांचे. कॅथलिक शाळांतल्या प्रापंचिकांवर व्हॅटिकनने १९८२ मध्येच स्वतंत्र दस्तऐवज काढला होता. २०२२ च्या दस्तऐवजात तर स्पष्टच म्हटलंय की शाळेची ओळख जाणणं आणि तिचा मान राखणं हे शिक्षक, इतर कर्मचारी, मुलं, पालक अशा सर्वांचं काम आहे. आणि शाळेचं धोरण पालकांना प्रवेशाच्या वेळीच सांगायला हवं. मला हे फार मोलाचं वाटतं. आधीच उघडपणे सांगितलं की मागाहून संशयाला जागा राहत नाही.

आता तुमच्या वर्गाकडे येऊ. राखेच्या बुधवारी एखादा मुलगा कपाळावर राखेचा क्रूस घेऊन येईल. ‘तोंड धुऊन ये’ असं त्याला म्हणू नका. ती राख सकाळच्या मिस्सेत फादरांनी लावलेली असते; त्या दिवसापासून उपवासकाळ सुरू होतो. एवढं तुम्हाला ठाऊक असलं, तरी त्या मुलाला शाळा आपली वाटते. आणि फी थकली म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभं करणारी शाळा सभागृहात कितीही मोठा क्रूस लावो, माझ्या लेखी तिने आपलं कॅथलिकपण घालवलेलं असतं. अशा वेळी त्या मुलाच्या बाजूने ऑफिसात शब्द टाकणं, हेही ओळख जपणंच आहे. त्यासाठी बाप्तिस्मा लागत नाही.

खरी काळजी मला कॅथलिक पालकांची वाटते. आईवडील हेच मुलांचे पहिले शिक्षक, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सांगितलं. पण कॅथलिक शाळेत प्रवेश मिळाला की श्रद्धेचीही सोय झाली, असं अनेकांना वाटतं. संध्याकाळची रोजरी टीव्हीपायी बुडते आणि चर्चमधला रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग ट्यूशनपायी. ती उणीव शाळा एकटी भरून काढू शकत नाही. पालकसभेत मार्कांइतकाच वेळ या विषयाला द्यायला हवा, आणि तिथे धर्मग्रामाचे फादरही हवेत.

सिस्टरांना एक सुचवा. जूनमध्ये शाळा उघडताना नव्या शिक्षकांसाठी एक सकाळ राखून ठेवावी. शाळा कुणी काढली, कशासाठी काढली, उपवासकाळ म्हणजे काय, पहिल्या कम्युनियनच्या तयारीला मुलं कुठे जातात, हे सगळं तिथे सांगावं. तुमची धर्माबाबतची शंकाही तिथेच सगळ्यांसमोर विचारा; ती आणखीही काहींच्या मनात असेल.