कांद्री-मनसरला जाण्याआधी

चि. राणीस,


पणजोबांचा माग काढायला कांद्री-मनसरच्या मँगनीज खाणींकडे निघालीस, फार बरं वाटलं. जाण्याआधी थोडं ऐक.

तिथे आडनाव विचारत फिरू नकोस. आधी रामटेकच्या तहसील कार्यालयात जाऊन कोतवाल पंजीची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल माग. तिच्यात बहुतेक ठिकाणी मजुराचं नुसतं नाव, बापाचं नाव, जात आणि गाव असतं. जन्माच्या नोंदीत ‘अमक्याला मुलगा’ एवढंच. आईचा पत्ता नाही. म्हणून पणजी तिथे सापडणार नाही. तिच्यासाठी 1952च्या खाण कायद्यानंतरची कामगार नोंदवही बघावी लागेल. बायांची नावंही त्यात लिहावी लागत, बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट. नागपुरात काटोल रोडवर या खाणी चालवणाऱ्या मॉईल कंपनीचं मुख्यालय आहे, तिथे लेखी अर्ज दे. ही कंपनी 1962 साली झाली; त्याआधी या खाणी सीपीएमओ या इंग्रज कंपनीकडे होत्या, आणि तिची मुळं 1896 पर्यंत जातात. पणजी टोपल्या वाहायची, हातोडीने खनिज फोडून निवडायची. आपल्या वंशावळीत मात्र तिच्या नावाची जागा कोरी आहे.

आता मुख्य गोष्ट. पणजोबांचं शेवटचं दुखणं तू ऐकलंच असशील. चेहरा दगडासारखा झाला, बोलणं मंदावलं, चालताना पावलं अडखळून ते मागच्या मागे पडायचे. घरात ठरलं, भावकीतल्या एका घराने करणी केली. तेव्हापासून त्यांच्याशी बोलणं नाही, लग्नाकार्याला बोलावणं नाही, मर्तिकालाही कुणी गेलं नाही.

पण मँगनीजची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की मेंदूवर परिणाम होऊ शकतो, आणि लक्षणं नेमकी हीच दिसतात. खाणकामगारांच्या अधिसूचित आजारांत मँगनीजची विषबाधा सरकारने घातलेली आहे. पणजोबांना तेच झालं असं मी छातीठोकपणे सांगत नाही. तेव्हा त्यांना कुणी डॉक्टरने तपासलं नाही. पण ज्या माणसाने उमेदीची सगळी वर्षं त्या काळ्या धुळीत काढली, त्याच्या दुखण्याचं कारण शेजारच्या उंबरठ्यावर शोधलं गेलं, याचं मला फार वाईट वाटतं. विलायतेच्या पोलादाला हे खनिज लागायचं म्हणून खाणी फोफावल्या, आणि इथे दोन घरांचं पाणी तुटलं.

तेव्हा कागद मिळोत न मिळोत, तू त्या घरी जा. माणसं अजून तिथेच आहेत. रिकाम्या हाताने जाऊ नकोस. मोठ्यांच्या पाया पड, चहाला नाही म्हणू नकोस. वंशावळीचा कागद लगेच पुढे करू नकोस, आणि आजाराचं ज्ञानही पाजळू नकोस. आपल्या घराने आळ घेतला तो चुकीचा होता, एवढं माझ्या नावाने सांग. ते ऐकून घेतील किंवा घेणार नाहीत. इतकी वर्षं त्यांनी सोसलंय, रागावले तर उलटून बोलू नकोस.

बसू दिलं तर त्यांच्या म्हातारीला पणजीचं माहेर विचार. दोघींनी एकाच ढिगावर काम केलं होतं असं मी आईकडून ऐकलंय. गाव कळलं की मला फोन कर. तिथे आपण दोघी जाऊ.

तुझी,
आत्या