पेटीवाले गोविंदराव टेंबे

गावात सप्ताह असला की देवळात भजन रंगते. टाळ, मृदंग आणि बाजाची पेटी! ही पेटी आता घरचीच वाटते. पण मूळची ती युरोपातली. पियानो नावाचे तिकडचे मोठे वाद्य आहे. तशाच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या हिलाही असतात. पियानोची पट्टी दाबली की आत तारेवर हातोडी पडते. पेटीत भात्याचा वारा धातूच्या पातळ जिभेला थरथरवतो आणि सूर निघतो.

या पेटीवर नाव मिळवणारे गोविंदराव टेंबे आपल्या कोल्हापूरकडचे. जन्म १८८१ सालचा. पेटी ते बहुतांशी आपले आपणच शिकले. कोल्हापुरातल्या देवल क्लबात त्यांना चांगले गाणे ऐकायला मिळाले. पुढे थोर गवई भास्करबुवा बखले यांच्या साथीला ते बसू लागले. अल्लादिया खाँसाहेब तेव्हा शाहू महाराजांच्या दरबारचे गवई होते. गोविंदरावांनी त्यांचे गाणे ऐकून ऐकून मनात साठवले.

पेटीत एक उणीव आहे. गळा एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जातो. पेटीच्या दोन पट्ट्यांमधला सूर मात्र वाजत नाही. म्हणून पुष्कळ जाणकार तिला नाक मुरडीत. १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. गोविंदराव तर १९५५ सालीच वारले.

पण पेटीवाला म्हणून ते कोपऱ्यात बसून राहिले नाहीत. १९११ साली 'मानापमान' नाटक आले. त्याच्या चाली त्यांच्या. १९१३ साली बालगंधर्वांबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली, त्यात ते भागीदार होते. १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला. त्याचे संगीत गोविंदरावांचे आणि राजा हरिश्चंद्रही तेच! तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती.

आणखी एक काम त्यांनी केले, ते आम्हाला फार मोलाचे वाटते. ऐकलेले त्यांनी लिहून ठेवले. १९३९ साली त्यांचे 'माझा संगीत व्यासंग' हे पुस्तक निघाले. खाँसाहेबांच्या गाण्याची तबकडी कधी बाजारात आली नाही. ते गाणे कसे होते, हे आज शिष्यांच्या गळ्यातून कळते आणि ऐकणाऱ्यांच्या लेखणीतून कळते.

आमच्या गावी एक म्हातारे भजनीबुवा होते. कुठे न छापलेली कितीतरी पदे त्यांना तोंडपाठ होती. आम्हाला लिहिता येत होते. तरी "पुढच्या एकादशीला बसू, बुवा," असे आम्ही म्हणत राहिलो. एकादश्या येत गेल्या. एके दिवशी बुवाच गेले. पदेही त्यांच्याबरोबर गेली. ती चुटपुट अजून जात नाही.

मंडळी, आता तुमच्याही हाती पाटी-पेन्सिल आली आहे. घरात आजीची ओवी असेल, वडिलांचे भजन असेल. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. पण आजच लिहा.

अभ्यास
१. पेटीतून सूर कसा निघतो?
२. जाणकार पेटीला नाक का मुरडीत?
३. घरातल्या वडीलधाऱ्यांना एक ओवी किंवा पद विचारा आणि वहीत उतरवून घ्या. खाली सांगणाऱ्याचे नाव लिहा.